शहर वाचायला शिकताना : प्रथम वर्षाच्या सांगली-अभ्यास विषयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थी विचारतात, काही पालक. अलीकडे इतर महाविद्यालयांतले सहकारीही 'तुमची उद्दिष्टं जरा पाठवा' म्हणून फोन करतात. हे पान त्या सगळ्यांसाठी आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा येऊ नये म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, हा विषय म्हणजे सहल का?

नाही. सहलीत कुणीतरी दाखवतं आणि आपण बघतो. इथे काय बघायचं ते तुम्ही ठरवायचं असतं आणि काय बघितलं याचा जाबही द्यायचा असतो. मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघायला नेलं की पहिल्या खेपेला सगळ्यांचं लक्ष पिवळ्या ढिगांकडे जातं, भराभर फोटो निघतात. तासाभराने आम्ही विचारतो : शेतकरी कुठे उभा होता? भाव कुणी पुकारला? अडत्या कुणाशी हळू आवाजात बोलत होता? बहुतेकांना सांगता येत नाही. मग दुसऱ्या खेपेला तोच सौदा पुन्हा बघायला जातो. अभ्यास त्या दिवशी सुरू होतो.

२. किती श्रेयांकांचा आहे? किती तास द्यावे लागतील?

आमच्याकडे दोन श्रेयांक. एक वर्गातला, म्हणजे सत्रात १५ तास. दुसरा क्षेत्रकार्याचा, म्हणजे ३० तास. वही लिहायला लागणारा वेळ वेगळा.

३. उद्दिष्ट आणि निष्पत्ती यांत फरक काय?

उद्दिष्ट शिक्षकाचं, निष्पत्ती विद्यार्थ्याची. 'विद्यार्थ्यांना शहराच्या पाणीव्यवस्थेची ओळख करून देणे' हे उद्दिष्ट मी नुसतं बोलूनही पुरं करू शकतो, मागच्या बाकावरचा झोपलेला असला तरी. 'विद्यार्थी आपल्या नळाचं पाणी कुठून येतं आणि वापरलेलं कुठे जातं, याचा स्वतः माग काढून दाखवेल' ही निष्पत्ती. विद्यार्थी जागचा हलल्याशिवाय ती पुरी होत नाही. कागदोपत्री दोन्ही लिहावी लागतात. बोलताना मात्र आपण सगळेच सरसकट 'उद्दिष्ट' म्हणतो. या पानावरही तोच शब्द आहे, अर्थ मात्र निष्पत्तीचा घ्या.

४. मग या विषयाची उद्दिष्टं आहेत तरी कोणती?

चार. सुरुवातीला आम्ही अकरा लिहिली होती. सत्र संपल्यावर तपासायला बसलो, तर त्यातली सात साध्य झाली की नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. ती काढून टाकली.

पहिलं, दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहिता येणं. 'हरभट रोडवर फार गर्दी असते' हे वाटलेलं. 'मंगळवारी संध्याकाळी सहाला दहा मिनिटांत माझ्यासमोरून इतक्या दुचाकी गेल्या, पायी जाणारे इतके, त्यातले फुटपाथवरून इतके' हे दिसलेलं. वहीच्या डाव्या पानावर दिसलेलं, उजव्या पानावर वाटलेलं. दोन्ही हवंच असतं, पण एकाच ओळीत नको.

दुसरं, स्वतःच्या हाताने नकाशा काढता येणं. मोबाइलमधला नकाशा रस्ता दाखवतो. सावली कुठे पडते, भाजीची हातगाडी सकाळी कुठे आणि संध्याकाळी कुठे असते, म्हातारी माणसं कुठल्या कट्ट्यावर बसतात, हे तो दाखवत नाही. पहिला नकाशा वेडावाकडा येतो. तो फाडायचा नाही, शेवटचा काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवायचे असतात.

तिसरं सगळ्यात अवघड. शहराबद्दलच्या कुठल्याही विधानाला तीन साक्षी शोधता येणं : जागा, माणूस आणि कागद. जागा म्हणजे तिथे जाऊन दिसणारं, माणूस म्हणजे तिथे राहणाऱ्याचं सांगणं, कागद म्हणजे नोंद, जुनं वर्तमानपत्र, सातबारा, नगररचनेचा नकाशा. तिन्ही जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर त्याहून उत्तम, कारण मग विचार करावा लागतो (प्रश्न ८ आणि १३).

चौथं, कळलेलं परत सांगता येणं, तेही ज्यांच्याकडून कळलं त्यांना. अहवाल कपाटात गेला की तो शिक्षकांपुरता राहतो. म्हणून सत्राच्या शेवटी प्रत्येक गट आपण फिरलेल्या भागात जातो आणि तिथल्या लोकांसमोर दहा मिनिटं बोलतो. चुका तिथेच सापडतात, आणि त्या काढायला शिक्षकापेक्षा तिथला पानपट्टीवाला जास्त योग्य माणूस असतो.

ही झाली चार नावं. प्रत्येकाखाली सांगलीचं एक ठोस वाक्य लिहिलेलं असतं. ते कशासाठी, हे पुढच्या उत्तरात.

५. 'शहर समजून घेणे' असं सरळ लिहिलं तर काय बिघडतं?

समजलं की नाही ते बाहेरून दिसत नाही, एवढंच बिघडतं. क्रियापद असं हवं की ती क्रिया होताना मला दिसली पाहिजे : मोजणे, आखणे, विचारणे, पडताळणे, चूक दुरुस्त करणे. बरेच सहकारी ब्लूमच्या पायऱ्यांचा तक्ता (शिकण्याच्या चढत्या पातळ्या आणि त्यांची क्रियापदं) समोर ठेवून क्रियापदं उचलतात. तक्ता वाईट नाही, पण 'विश्लेषण करणे' लिहिलं आणि कशाचं ते लिहिलंच नाही, तर हाती काय लागलं?

आमची कसोटी साधी आहे. वाक्यातलं 'सांगली' काढून 'सोलापूर' घाला. वाक्य तसंच्या तसं चालत असेल तर ते कच्चं आहे. 'विद्यार्थ्यांना ऐतिहासिक वारशाची जाणीव होईल' हे कुठेही चालतं. 'कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आहे तो आकडा दिला, तर पाणी कुठल्या गल्लीपर्यंत येईल हे विद्यार्थी स्वतःच्या नकाशावर दाखवेल' हे फक्त इथेच चालतं. असं वाक्य लिहायला शिक्षकालाही आधी गल्लीत उतरावं लागतं.

६. मुलांमध्ये शहराबद्दल अभिमान निर्माण व्हावा, हे उद्दिष्टांत का नाही?

हा प्रश्न पालकांचा, आणि मनापासून विचारलेला असतो. अभिमान वाटू नये असं कुणीच म्हणत नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. त्या जागेजवळ उभं राहून ही हकिकत सांगताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण अभिमानाला गुण द्यायला लागलो की मुलं आम्हाला आवडेल ते लिहायला लागतील, आणि पहिल्या उद्दिष्टाचाच घात होईल. शिवाय शेरी नाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, हा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. नाल्याच्या तोंडाशी उभं राहून जे वाटतं त्यालाही उजव्या पानावर तेवढीच जागा हवी. आपल्या गावाची लाज वाटणं हेही आपुलकीचंच लक्षण आहे, असं मी मानतो.

७. सांगलीत बघण्यासारखं आहे काय?

गंमत म्हणजे हे बाहेरचे कमी आणि सांगलीकरच जास्त विचारतात. डोंगरी किल्ला नाही, लेणी नाहीत, समुद्र नाही. पण शहर वाचायला शिकायचं असेल तर एवढं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही, कारण इथे बहुतेक गोष्टींचं कारण चालत जाऊन गाठता येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या लहानशा गावाला त्यांनी राजधानी केलं. गणेशदुर्ग, गणपती मंदिर आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या पेठा त्यातूनच आल्या. एका माणसाच्या निर्णयातून गावाचा आकार कसा घडतो, हे इथे पायांनी मोजता येतं : राजवाड्यापासून मंदिर किती पावलं, मंदिरापासून घाट किती, बाजार या दोहोंच्या मध्ये का? पहिली फेरी एवढीच असते, आणि पावलं मोजणं हेच काम.

त्याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यामुळेच. साल पाठ करायला वर्ग पुरतो. फेरीत आम्ही दुसरंच विचारतो : आज या शहरात नाटकाची तालीम कुठे चालते? त्या जागेचं भाडं कोण देतं? तालीम रात्री संपल्यावर मुली घरी कशा जातात? भावे नाट्यमंदिराच्या दारात उभं राहून हे विचारलं की १८४३ आणि आजचा दिवस एका रेषेत येतात.

आणि हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हरिपूरची पेवं मात्र आजच्या मुलांनी पाहिलेलीच नसतात. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड लहान, आत पोट मोठं. तिथली माती अशी की आत हळद टिकते, कीड लागत नाही. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि त्या पद्धतीला जबर धक्का बसला. त्यानंतर माल गोदामांकडे, शीतगृहांकडे वळला. नदीने माती दिली, मातीने पेव दिलं, पेवाने बाजार वाढवला आणि नदीनेच पेवं बुडवली. ही साखळी ज्याला स्वतः फिरून जोडता आली, त्याचं तिसरं उद्दिष्ट तिथेच पुरं झालं.

८. प्रत्येक फेरीत महापूर का येतो? दुसरा विषय नाही का?

विषय भरपूर आहेत, पण हा टाळून सांगली वाचता येत नाही. पावसाळ्यात इथल्या घराघरात पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' १९२९ चा हा पूल आज शहराची मोजपट्टी आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आज प्रथम वर्षात असलेली मुलं तेव्हा शाळेत होती. अनेकांनी पाठीवर दप्तर घेऊन घर सोडलेलं आहे.

उद्दिष्ट असं : सांगलीत ऊन असताना पाणी का चढतं, हे विद्यार्थ्याला समजावून देता यावं. पाऊस पडतो घाटमाथ्यावर. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि खाली येतं. सांगलीच्या पुढे हरिपूरला वारणा मिळते. तिलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं आणि शहरात शिरतं. त्याही पुढे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथला पूर वाढतो की नाही, हा वाद आहे. त्यात बाजू घेतल्याबद्दल गुण नाहीत. दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि ते कुठल्या आकड्यांवर उभं आहे, हे मांडल्याबद्दल आहेत.

प्रत्यक्ष काम असं. मारुती चौकापासून नदीकडच्या गल्ल्यांत भिंतींवर पुराच्या खुणा शोधायच्या, रस्त्यापासून त्यांची उंची टेपने मोजायची, घरमालकाला साल विचारायचं, आणि मग त्या दिवसांची वर्तमानपत्रं ग्रंथालयात काढून बघायची. एका गटाला २००५ ची खूण अपेक्षेपेक्षा खूपच खाली सापडली. घरमालक ठाम, कागदही ठाम. शेवटी शेजारच्या आजोबांनी उंबरठा दाखवला. पूर्वी घरात शिरायला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरली आहे. खूण जागेवरच होती, डांबराचे थर चढून रस्ता वर आला होता. तेव्हापासून आम्ही उंची रस्त्यावरून न मोजता जोत्यावरून मोजतो.

नगररचनेच्या नकाशावरची निळी आणि लाल रेषाही इथेच शिकवतो. निळी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या मुलांना 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ समजावणं सोपं नाही. शंभर वर्षांनी एकदाच, असा त्याचा अर्थ नसतो. दर वर्षी शंभरातला एक एवढी शक्यता, असा असतो.

एक पथ्य कडक आहे. स्वतःच्या घराची आठवण लिहिण्याची सक्ती कुणावर नाही. ज्याला नको असेल त्याने मोजमापाचं काम घ्यावं, कारण विचारलं जाणार नाही.

९. मी जन्मापासून सांगलीत आहे. मला यात नवीन काय?

ठीक आहे. घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता डोळे मिटून सांगा : उजव्या हाताला किती झाडं, किती बंद दुकानं, नाला कुठे ओलांडता? इथल्याच मुलांची पहिली वही बहुधा सर्वांत कोरी असते. रोजचं दिसेनासं होतं. त्यांना आम्ही मुद्दाम अपरिचित भागात पाठवतो : विश्रामबागेच्या मुलाला गणपती पेठेत, गावभागातल्या मुलीला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत.

१०. मी जतहून एसटीने येते. शेवटची गाडी चुकली तर? आणि मला सांगलीची काहीच माहिती नाही.

फेऱ्या सकाळी अकरा ते दोनमध्येच असतात, रविवारी नसतात. ज्यांची गाडी उशिरा येते त्यांना स्टँडपासून सुरुवात करायला सांगतो. माहिती नसणं ही अडचण धरू नका. सांगलीचा एसटी स्टँड, तिथून फुटणाऱ्या वाटा, वडापचे थांबे, कमी पैशांत पोट भरणारी ठिकाणं हे शहर तुम्ही जसं ओळखता तसं इथला मुलगा ओळखत नाही. आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या मुलांनी काढलेले स्टँडचे नकाशे आम्ही पुढच्या तुकडीला नमुना म्हणून दाखवतो. आणखी एक : पाण्याची वाट बघत वाढलेली दुष्काळी भागातली मुलं पुराच्या चर्चेत असे प्रश्न विचारतात, जे नदीकाठच्या मुलांना सुचत नाहीत. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, हा विषय अशाच एका मुलीने वर्गात काढला होता.

११. मिरज आणि हरिपूर धरायचं की नाही? मग 'शहर' म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महानगरपालिका झाली. तालुका मिरज, जिल्हा सांगली. हरिपूरला ग्रामपंचायत आहे, पण सांगलीकर फिरायला तिथे जातात आणि हळदीचा इतिहास त्याच्याशिवाय अपुरा राहतो. तेव्हा हद्द आम्ही आखून देत नाही. तुमचा प्रश्न जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत तुमचं शहर. फक्त वहीच्या पहिल्या पानावर लिहा : माझी हद्द ही, आणि ती या कारणासाठी.

मिरजेची फेरी वेगळी असते. विषय दोनच, तंतुवाद्यं आणि दवाखाने. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराच्या दुकानात भोपळा कुठून येतो, लाकूड कुठून, तारा कुठून, एवढं विचारलं तरी अर्धा देश वहीत येतो. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून मिरज दवाखान्यांचं गाव कसं झालं, हा दुसरा धागा. तिथे रुग्णांना प्रश्न विचारायचे नाहीत. दुकानं, लॉज, रिक्षाचे थांबे मोजायचे, त्यावरूनच पुरेसं कळतं.

१२. लोकांशी बोलताना, फोटो काढताना परवानगी लागते का?

लागते, दर वेळी. आधी आपलं नाव, कॉलेज आणि कशासाठी विचारतोय हे सांगायचं. 'नको' म्हणाले की आभार मानून निघायचं, कारण विचारायचं नाही. आवाज नोंदवायचा तर तो सुरू करण्याआधी विचारायचं. लहान मुलांचे फोटो अजिबात नाहीत. वहीत माणसाचं नाव लिहायचं नाही, 'भाजीविक्रेत्या मावशी, पन्नाशीच्या' एवढं पुरे. सौदा चालू असताना मध्येच प्रश्न विचारू नका, कुणाचा तरी दिवसभराचा हिशोब त्यावर असतो.

१३. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या. कुठली लिहू?

दोन्ही, आणि कुठली कुणी सांगितली तेही. 'सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली' ही कथा प्रत्येक तुकडीत येते. आम्ही विचारतो, कुठल्या सहा? मग गावभागातली पाच माणसं पाच वेगळ्या याद्या देतात. अशा वेळी 'असं सांगितलं जातं' हे प्रामाणिक आणि पूर्ण वाक्य आहे, त्याला पूर्ण गुण मिळतात.

कागदांचा एक चकवा लक्षात ठेवा. १९६० पर्यंत सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणून तासगाव, वाळवा, खानापूर भागातल्या स्वातंत्र्यलढ्याच्या नोंदी सातारा जिल्ह्यात शोधाव्या लागतात. सांगली शहर मात्र १९४८ पर्यंत संस्थानची राजधानी होतं, त्याचे कागद तिसरीकडे. 'कागद सापडला नाही' असं लिहिण्यापूर्वी योग्य दप्तरात शोधलं का, हे तपासा.

१४. दोन तास फिरलो, कुणी बोललंच नाही. नापास?

नाही. कुणाला विचारलं, किती वाजता, काय उत्तर मिळालं, आणि पुढच्या वेळी काय बदलणार, हे लिहा. दुपारी एकला दुकानदार जेवायला बसतो, ही नोंदसुद्धा शहराचीच नोंद आहे.

१५. गुण कसे देता? लेखी पेपर आहे का?

लेखी पेपर नाही. वही, दोन नकाशे, तीन साक्षींची एक पडताळणी आणि लोकांसमोरचं बोलणं, ही चार उद्दिष्टांची चार कामं. सगळ्यात जास्त वजन वहीला. अक्षर आणि चित्रकला बघत नाही. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत किती अंतर पडलं, ते बघतो.

१६. वही एआयकडून लिहून घेतली तर कळतं का?

कळतं, कारण ती वही जागेवर, पेनाने आणि तारीख-वेळ टाकून लिहायची असते. अहवालाची भाषा सुधारायला, जुन्या कागदातला अवघड शब्द समजून घ्यायला एआय वापरा, हरकत नाही, तसं नमूद करा. पण सरकारी घाटावर त्या सकाळी किती जण पोहत होते, हे तिथे गेलेल्यालाच ठाऊक असतं.

१७. मला जास्त चालता येत नाही. घरच्यांनी नदीकडे जायला मनाई केली आहे. माझं काय?

दोन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगा. एका जागी बसूनही चारही उद्दिष्टं पुरी होतात. एका विद्यार्थिनीने स्टँडसमोरच्या बाकावर बसून सहा वेगवेगळ्या वेळी केलेल्या नोंदी ही आजवरच्या चांगल्या वह्यांपैकी एक आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्याने काढलेला उतार, पायऱ्या आणि खड्ड्यांचा नकाशा तर शहराला हवाच आहे. घाटावरच्या फेऱ्या पाणी उतरल्यावरच होतात, शिक्षक सोबत असतात आणि पायरी उतरून पाण्यात जायला सर्वांनाच मनाई आहे. इशारा पातळी जाहीर झाली की फेरी आपोआप रद्द, त्या तासांचं काम ग्रंथालयात.

१८. आमचं कॉलेज विट्यात आहे. तुमची उद्दिष्टं जशीच्या तशी उतरवून घेऊ का?

चार नावं घ्या, त्यांखालची वाक्यं घेऊ नका (प्रश्न ५ मधली कसोटी लावून बघा, आमची वाक्यं तुमच्याकडे टिकणार नाहीत). विट्याला आयर्विन पूल नाही, पण विट्याजवळ असं काही आहे जे आमच्याकडे नाही. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा कुणीतरी काका-मामा परराज्यातल्या सराफ बाजारात असेल. गावातल्या कुठल्या घराला वर्षातून किती दिवस कुलूप असतं, दिवाळीला आणि यात्रेला कोण परततं, परराज्यातून आलेल्या पैशातून गावात काय काय उभं राहिलं, यापासून सुरुवात करा. पहिली फेरी गावात करा आणि दुसरी फोनवरून, तिकडे असलेल्या माणसाबरोबर : 'मामा, तुमच्या दुकानासमोर आत्ता काय दिसतंय?' त्या फोनच्या नोंदीलाही डावं आणि उजवं पान असू द्या.